कपाटा, तिला सांग

मी कपाट बोलतोय. बोलायची मला सवय नाही, ऐकायची आहे. आयुष्यभर इकडचं ऐकलं आणि तिकडे पोचवलं, तेही जागचं न हलता. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. डावं दार उघडताना माझी बिजागरी खाकरते, ते मात्र अडखळणं नव्हे. तो माझा खास आवाज आहे, आणि त्याच आवाजाच्या जोरावर मी आज रंगमंचावर उभा आहे.

मला घडवणारा सुतार एका वेळी दोन गिऱ्हाइकांची कामं करायचा. त्यामुळे माझं डावं दार जरा रुंद झालं आणि उजवं जरा उंच. "मापात थोडं इकडचं तिकडे झालंय," तो न लाजता म्हणाला, "पण वापरलं की अंगवळणी पडेल." मला घ्यायला आलेल्या नवराबायकोचं नुकतंच लग्न झालं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हसले, आणि मला घरी घेऊन गेले.

घरात तिसरं माणूस होतं, नवऱ्याची धाकटी बहीण. भावजय तिला वन्सं म्हणायची, ती भावजयीला वहिनी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. मोठ्या खोलीच्या चौकटीतून माझं उंच दार काही आत जाईना, तेव्हा माझी रवानगी वन्संच्या लहान खोलीत झाली. डावा कप्पा वन्संना, उजवा वहिनींना, मध्ये एक उभी फळी. भावाचे कपडे खुर्चीवर असायचे. पुरुषांचे कपडे जगात सगळीकडे खुर्चीवरच असतात, असा माझा समज आहे.

हा भाऊ लिफ्ट बसवायचा. दिवसभर वर-खाली करून दमला की संध्याकाळी दोघींना मोठ्याने वाचून दाखवायचा. आणि वाचायचा काय, तर ती कादंबरी. तिचं नाव मी सांगत नाही, आमच्या गावात सांगावं लागतही नाही. जाडजूड आहे, जुनी आहे, प्रत्येक घरात आहे. कुठे ती उशाला असते, कुठे डगमगत्या टेबलाच्या पायाखाली. पूर्ण वाचलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, पण शेवटचं पान लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ.

गोष्ट अशी आहे. नकाशे काढणारा एक माणूस एका सकाळी घरातून नाहीसा होतो. दारं-खिडक्या सगळ्या आतून बंद. बायको त्याला शोधायला निघते आणि त्यानेच काढलेले नकाशे हातात धरून देशभर हिंडते. ते नकाशे एकजात चुकीचे निघतात, म्हणून कादंबरी इतकी लांबली आहे. अखेर केस पांढरे झाल्यावर ती घरी परतते, झोपायच्या खोलीतल्या कपाटासमोर येऊन उभी राहते, आणि शेवटचं वाक्य येतं: "आणि तिने कपाट उघडलं." संपलं. पुढे कोरं पान.

कपाटात काय होतं? लेखकाला विचारायला गेलेल्यांना तो चहा पाजायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि दारापर्यंत सोडायला यायचा. मग तो वारला. तेव्हापासून गावात दोन तट आहेत. नवरा पहिल्यापासून कपाटातच होता म्हणणारे ते आतवाले, आणि कपाटात कोणीच नव्हतं म्हणणारे ते रिकामेवाले. कुलूपं दुरुस्त करणारा एकटाच म्हणतो की कपाटात आणखी एक कपाट होतं. त्याला कोणी वादात घेत नाही.

आमच्या घरात वन्सं आतवाल्या आणि वहिनी रिकामेवाल्या.

"अहो वन्सं, इतकी वर्षं तो आत खात काय होता?" वहिनी विचारायच्या.

"प्रेम असलं की भूक लागत नाही, वहिनी."

"प्रेम असलं की माणूस कपाटात बसत नाही."

भाऊ पोट धरून हसायचा आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायचा. खरं सांगतो, त्या घरात तेव्हा मजा होती.

मग एकदा तो दूरच्या शहरात एका उंच इमारतीत लिफ्ट बसवायला गेला. लिफ्ट बसली. चाचणीच्या पहिल्या फेरीला तो एकटाच आत शिरला, दार लागलं, लिफ्ट वर गेली. खाली आली तेव्हा आत कोणी नव्हतं. "मधल्या एखाद्या मजल्यावर उतरले असावेत," असं कंपनीने कळवलं, आणि लिफ्ट उत्तम चालते आहे असंही कळवलं. पोलिसांनी इमारत पालथी घातली. वहिनी आणि वन्सं स्वतः जाऊन प्रत्येक मजल्यावर हाका मारून आल्या. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्यांना पाणी दिलं, एवढंच काय ते हाती लागलं.

घरी आल्यावर वन्संनी मोठी खोली जशीच्या तशी ठेवली. चादर दर आठवड्याला बदलायची, चपला पलंगाखाली सरळ ठेवायच्या, खिडकी सकाळी उघडायची. दादा दमून येईल, त्याला सगळं जागच्या जागी लागतं, असं त्या म्हणायच्या. वहिनींना त्या खोलीत झोप येईना, म्हणून त्या लहान खोलीत वन्संशेजारी अंथरूण घालू लागल्या. घरातली सगळ्यात मोठी, उन्हाची, हवेशीर खोली एका न आलेल्या माणसाला, आणि दोन धडधाकट बायका माझ्यासमोर दाटीवाटीने. माणसांच्या जागावाटपात मी कधी डोकं घालत नाही.

एका संध्याकाळी वन्संनी जेवणाच्या टेबलावर तिसरं ताट मांडलं. वहिनींनी ते ताट पाहिलं. मग म्हणाल्या, "कपाट रिकामं आहे, वन्सं. आत कोणी नाही. पुरे आता."

हे कादंबरीबद्दल नव्हतं. दोघींना ठाऊक होतं, मलाही. वन्सं ताट उचलून आत घेऊन गेल्या आणि त्या क्षणापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

पण घर चालवायचं म्हणजे बोलल्यावाचून कसं भागणार? दुसऱ्याच सकाळी दूध उतू जायला लागलं. वन्सं माझ्यासमोर कपड्यांच्या घड्या घालत होत्या, वहिनी दारात उभ्या होत्या. वन्सं माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "कपाटा, तिला सांग, दूध उतू जातंय."

वहिनी धावत गेल्या, गॅस बंद केला, परत आल्या आणि माझ्या उजव्या दाराला म्हणाल्या, "कपाटा, वन्संना सांग, भांडं त्यांनीच ठेवलं होतं."

झालं. त्या दिवशी मला नोकरी लागली. पुढे कितीतरी वर्षं त्या घरातला एकूण एक शब्द माझ्यामार्फत गेला. कपाटा, तिला सांग, प्लंबर आला होता. कपाटा, वन्संना सांग, औषध घ्यायचं राहिलंय. कपाटा, तिला सांग, ताप असताना केस धुवायचे नसतात, एवढी अक्कल हवी. मी ऐकायचो, आणि निरोप पोचायचा. दोघी माझ्यापासून हातभर अंतरावर असायच्या हे खरं, पण मध्ये मी होतो म्हणून तर ते बोलणं होत होतं. मला माझ्या कामाचा अभिमान होता, अजून आहे.

आता नाटकाकडे येतो. तोवर दोघींचे केस पांढरे झाले होते.

आमच्या गावातले दंतवैद्य संध्याकाळी दिग्दर्शक असतात. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की त्या कादंबरीचं आपण नाटक करतोय, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी कपाट प्रेक्षकांसमोर, भर उजेडात उघडलं जाईल. बातमी सुटली मात्र, गावाच्या अंगात वारं शिरलं. आजवर लेखकाने जे कोऱ्या पानाआड लपवलं ते आता दिसणार होतं. कागदावर वाक्य अर्धवट सोडता येतं, पण दार उघडल्यावर आत काहीतरी असतं किंवा नसतं.

तारीख ठरायच्या आधीच नाट्यगृहाबाहेर रांग लागली. रांगेत ओळखी झाल्या, रांगेत भांडणं झाली. एकाचं लग्न जमलं, पण जागा जाईल म्हणून तो लग्नाला जाईना. शेवटी नवरीच रांगेत येऊन उभी राहिली, आणि ती रिकामेवाली निघाली. न्हाव्याने एका आतवाल्याची दाढी अर्धी केली आणि उरलेली अर्धी नाटकानंतर करू म्हणाला. लोक रस्त्यात भेटले की "कसं काय" म्हणायचं सोडून नुसतं "आत?" विचारायचे, आणि समोरचा "रिकामं!" म्हणून पुढे जायचा. दंतवैद्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसांनी त्यांना खुणेने विचारून पाहिलं. ते फक्त म्हणायचे, "गुळणी करा."

खरी गोष्ट अशी होती की त्यांचं स्वतःचंच ठरत नव्हतं.

कादंबरीत कपाटाचं वर्णन दीड पानभर आहे: दारं असमान, आरशाचा कोपरा उडालेला, आणि "उघडताना ते म्हाताऱ्यासारखं खाकरलं." तेव्हा लायक कपाटाचा शोध सुरू झाला. गावाने आपापली कपाटं शाळेच्या मैदानात आणून उभी केली. आमच्या घरातून मला दोघींनी मिळून पाठवलं, अर्थात माझ्याशीच चर्चा करून. मैदानात लाकडी कपाटं होती, लोखंडी होती, एकजण तर फ्रीज घेऊन आला होता. दंतवैद्य हातात बॅटरी घेऊन एकेकापुढे उभे राहायचे आणि सवयीने म्हणायचे, "आ करा."

माझी पाळी आली. आरशाचा कोपरा भावाने कधीतरी शिडी नेताना उडवलाच होता. माझं डावं दार उघडलं आणि मी खाकरलो. दंतवैद्यांनी बॅटरी विझवली. "हेच," ते म्हणाले, आणि मागे उभा असलेला फ्रीजवाला पाय आपटत निघून गेला.

नाट्यगृहात सुतार आला, त्याने माझी मधली फळी काढली आणि पाठ कापून तिथे बाहेरून कडी लागेल असं एक छोटं दार बसवलं. नवरा आत असायचा ठरलंच, तर नटाला मागून गुपचूप शिरता यावं म्हणून. दुखलं का, असं मला कोणी विचारलं नाही. दुखलं. पण माझं डावं आणि उजवं पहिल्यांदाच एकमेकांना भेटलं, आणि आतून मी बराच मोठा आहे हे मला तेव्हा कळलं.

इकडे घरी काय झालं असेल ते ओळखा. मी घरात नाही म्हटल्यावर बोलायचं कोणामार्फत? वन्संनी फ्रीजला सांगून पाहिलं, वहिनींनी खिडकीला. जमलं नाही. दूध रोज उतू जायला लागलं, आणि प्लंबर आला तो कोणीच काही सांगेना म्हणून परत गेला. शेवटी एका दुपारी तालीम रंगात आली असताना नाट्यगृहाचं दार उघडलं आणि दोघी आत आल्या. बाहेर पाऊस होता, दोघी एकाच छत्रीतून आल्या होत्या आणि वाटेत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सरळ रंगमंचावर चढल्या, एक माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली, एक उजव्या.

नायिका म्हणजे औषधांच्या दुकानातली बाई. ती त्या वेळी गुडघ्यांवर बसून हुंदके देत होती, "नाथा, कुठे आहात तुम्ही?"

"कपाटा, वन्संना सांग," वहिनी म्हणाल्या, "गॅस संपलाय. दोन दिवस झाले, विजेच्या शेगडीवर करतेय."

"कपाटा, तिला सांग, मला वाटलं ती हौसेने करतेय."

दंतवैद्य ओरडायला उठले, पण वन्संची वरची दाढ त्यांच्याच हातची होती आणि ती नीट बसली नव्हती, म्हणून गप्प बसले. तेव्हापासून तालमीत रोज दुपारी कपाटाची वेळ ठेवण्यात आली. नट चहा प्यायला जायचे, दोघी यायच्या, घरातलं सगळं बोलून घ्यायच्या आणि त्याच छत्रीतून परत जायच्या. ही पद्धत लोकांना इतकी सोयीची वाटली की पुढे औषधवालीनेही मला मध्ये घालून दंतवैद्यांना सुनावलं, "कपाटा, यांना सांग, माझं भाषण इतकं लांब आहे की मलाच नवऱ्याचा विसर पडतो."

आणि एका दुपारी त्या दोघींमध्ये पैज लागली.

"कपाटा, वन्संना सांग," वहिनी हळू म्हणाल्या, "माझी बहीण मला तिच्याकडे राहायला बोलावतेय. मी काही ठरवलेलं नाही. पण मला आता असं टांगलेलं राहवत नाही. नाटकात कपाट रिकामं निघालं, तर मोठी खोली आवरायची. चादर, चपला, सगळं काढायचं."

वन्संचा हात माझ्या डाव्या दारावर होता.

"आणि आत माणूस निघाला तर? कपाटा, तिला विचार."

"तर मी पुन्हा कधी 'तो गेला' म्हणणार नाही. कधीच नाही. त्यांना सांग."

"सांग तिला," वन्सं म्हणाल्या, "मान्य आहे."

गावाला गंमत हवी होती. या दोघींचं मात्र घर त्या दारावर अडकलं होतं, आणि ते दार माझं होतं. मला त्या दिवसापासून भीती वाटायला लागली. मी उघडणार की नाही हे माझ्या हातात नव्हतं, आत काय असणार हेही नव्हतं. ज्याचं पोट आहे त्यालाच त्यात काय आहे हे ठाऊक नाही, असा प्रकार.

पहिल्या प्रयोगाचा दिवस उजाडला. गावातली दुकानं बंद, घरं बंद, कुत्री तेवढी रस्त्यावर. नाट्यगृहात डावीकडे आतवाले बसले, उजवीकडे रिकामेवाले, आणि मधल्या वाटेवर स्वतःची खुर्ची टाकून एकटा कुलूपवाला. पहिला अंक झाला. नवरा नाहीसा झाला. हे काम टपालवाल्याकडे होतं आणि त्याने ते छान केलं, कारण निघून जायची त्याला सवय आहे. दुसऱ्या अंकात औषधवाली देशभर हिंडली.

दंतवैद्यांचं अजून ठरलं नव्हतं. त्यांनी टपालवाल्याला सांगून ठेवलं होतं, "तिसऱ्या अंकाआधी मी खोकलो तर आत जाऊन बस, नाही खोकलो तर घरी जा." पण घाबरल्यामुळे त्यांना खोकल्याची उबळच आली. टपालवाला एका खोकल्याला माझ्याकडे यायचा, दुसरा ऐकून बुचकळ्यात पडायचा आणि मागे वळायचा. शेवटी त्याने माझं मागचं दार उघडून आत हात घातला. तिथे त्याला एक गुडघा लागला. तो जो पळाला तो थेट टपाल कचेरीत.

तो गुडघा वहिनींचा होता. दुसरा अंक चालू असताना त्या मागच्या जिन्याने आल्या होत्या आणि धापा टाकत आत शिरून सवयीने उजव्या बाजूला बसल्या होत्या. का आल्या ते मला कळेना.

तेवढ्यात मागचं दार पुन्हा उघडलं. "बाहेर ये, मेल्या टपालवाल्या," असं पुटपुटत वन्सं अर्ध्या आत आल्या आणि त्यांनी अंधारात एक मनगट पकडून ओढलं. मनगट ओळखीचं निघालं. इतक्यात संगीत सुरू झालं, पडदा ओढणाऱ्याला अंधारात वाटलं की नटच आत शिरतोय, त्याने वन्संना ढकललं आणि बाहेरून कडी घातली. तिसरा अंक सुरू झाला.

बाहेर औषधवालीचं ते लांबलचक भाषण. आत त्या दोघी.

"कपाटा," वहिनी कुजबुजल्या, "वन्संना सांग, माझ्या पायावर बसल्यात."

"कपाटा, तिला सांग, पाय माझ्या बाजूला कशाला आणला?"

आता मी काय करावं? आजवर निरोप बाहेरून यायचे, एका दारावरून दुसऱ्या दारावर जायचे. इथे दोघी माझ्या आतच, मध्ये फळीसुद्धा नाही. पोचवायचं कोणाला आणि कुठून? मला काही सुचलं नाही. मी गप्प बसलो, आणि माझं गप्प बसणं त्या दोघींनाही ऐकू आलं असावं.

मग वहिनी म्हणाल्या, "तुम्ही इथे कशाला आलात?"

मला नाही, वन्संना. सरळ.

"टपालवाल्याला बाहेर काढायला," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे? रिकामं निघावं म्हणून?"

"तू थकलीस, वहिनी. रोज दिसतं मला. आणि तू गं?"

"मी आत बसायला आले. रिकामं निघालं असतं, तर तुमचा चेहरा मला बघवला नसता."

"रिकामेवाली असून आत बसलीस?"

"रिकामं आहे म्हणून तर जागा मिळाली."

वन्सं हसल्या. दाबायला गेल्या आणि ते आणखीनच जोरात बाहेर पडलं. बाहेर औषधवाली ऐन रडण्यात होती. कपाट हसलं म्हणून आतवाले उठून उभे राहिले, रिकामेवाल्यांनी त्यांचे सदरे ओढून त्यांना खाली बसवलं.

हसता हसताच वन्संचा आवाज बदलला. "दादा येणार नाही, हे मला कधीपासून माहीत आहे, वहिनी."

"मग ती खोली? त्या चादरी?"

"खोली आवरली की तू बहिणीकडे जाशील. दादा यायचा आहे तोवर तू माझी वहिनी. तो नाहीच म्हटल्यावर मी तुझी कोण?"

माझ्यामार्फत इतकी वर्षं इतके शब्द गेले, पण हा एक प्रश्न कधी गेला नव्हता. मी पोचवला असता तर काय झालं असतं कोण जाणे. काही निरोप मध्यस्थाच्या हाती द्यायचे नसतात, हे मला त्या अंधारात कळलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या. त्या रडत होत्या. "तो मला टाकून गेला. तुम्ही गेलात का? माझ्या तापात रात्र रात्र कोण बसलं? तुमचं घोरणं ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही, बहिणीकडे जाऊन मी काय करू?"

"मी घोरत नाही."

"घोरता. सगळ्या घराला माहीत आहे."

"आणि तू दिवा चालू ठेवून झोपतेस, त्याचं काय?"

हे शेवटचं वाक्य अर्ध्या गावाने ऐकलं, कारण तेवढ्यात औषधवालीने मला उघडलं होतं. मी खाकरलो. उजेड आत आला. आत दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून भांडत होत्या.

दंतवैद्यांचा खोकला थांबला. औषधवालीला पुढे वाक्य नव्हतं, कादंबरीच तिथे संपते. ती त्या दोघींकडे बघत उभी राहिली. एवढा देश पायी तुडवून, चुकीच्या नकाशांवर विश्वास ठेवून, ती बाई दमली होती. मग तिने पदरचंच एक वाक्य टाकलं, "सरका जरा." दोघी सरकल्या. ती आत येऊन त्यांच्यामध्ये बसली, आणि पडदा पडला.

टाळ्या थांबेनात. आतवाले म्हणाले, आत माणसं निघाली, आम्ही जिंकलो. रिकामेवाले म्हणाले, नवरा कुठे होता, आम्ही जिंकलो. कुलूपवाला खुर्चीवर चढून काहीतरी ओरडत होता, ते कोणाला ऐकू आलं नाही. दंतवैद्य पुढे येऊन वाकले आणि म्हणाले, "पहिल्यापासून माझं हेच ठरलं होतं."

पैज कोण जिंकलं, याचा निकाल त्या दोघींनी लावलाच नाही. पण त्या आठवड्यात मोठी खोली आवरली गेली. चादर काढताना वन्सं खूप रडल्या, वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग दोघींचे पलंग त्या उन्हाच्या खोलीत गेले. हे मी पाहिलं नाही, त्यांच्या बोलण्यातून ऐकलं. मी अजून नाट्यगृहातच आहे, कारण नाटक चालू आहे आणि गावाला दुसरा शेवट चालत नाही. बाहेरगावाहून लोक येतात, येण्याआधी पैजा लावतात आणि हरलो की जिंकलो हे न कळता परत जातात.

दर प्रयोगाला तिसऱ्या अंकाआधी दोघी मागच्या दाराने येतात आणि माझ्या आत बसतात. नाटकासाठी नव्हे. घरी पाहुणे असतात, कामं असतात, शेजारीण येते. निवांत बोलायला अशी जागा दुसरी नाही. औषधवालीचं भाषण चालतं तोवर त्या सगळं बोलतात. भावाबद्दल बोलतात, त्याच्या वाचण्याची नक्कल करतात, रडतात, गुडघ्यांच्या औषधाचं बोलतात. इतक्या वर्षांची थकबाकी आहे, एका प्रयोगात थोडीच संपणार.

मला मात्र आता कोणी काही सांगत नाही. "कपाटा" अशी हाक ऐकून किती दिवस झाले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. ज्या कामाचा मला अभिमान होता ते काम संपलं, आणि ते संपलं हेच बरं झालं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे पचवायला लाकडालाही वेळ लागतो. पण मी ऐकतो. तेवढं माझं अजून चालू आहे.

तुम्ही कधी या नाटकाला आलात, तर माझी एक विनंती आहे. शेवटी दार उघडलं की लगेच टाळ्या वाजवू नका. आत बहुतेक वेळा दोघींपैकी एक जण बोलत असते. तिचं वाक्य पुरं होऊ द्या.